छोट्या ड्रॅगनची मारामारी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने चरित्र लिहायचे म्हटले की ते एखाद्या उद्योगपतीचे असावे अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. आमच्या बेळगावात तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव तयारच आहे. सायकलच्या दुकानापासून त्यांनी येथेच सुरुवात केली. त्यांच्यावर आमच्या अंकात अनेकांनी लिहिले आहे आणि पुढेही लिहितील. मी मात्र एका नटाविषयी लिहिणार आहे, आणि तेही त्याच्या मारामारीविषयी. वाचकांनी नाक मुरडण्यापूर्वी दोन पाने तरी वाचावीत, एवढीच विनंती.

माझ्या मनात बरेच दिवस एक साधा प्रश्न आहे. लहानपणापासून आपण मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू मिळून शेकडो चित्रपट पाहतो. प्रत्येकात निदान तीन-चार मारामाऱ्या असतात. नायक एका ठोशात दहा माणसे हवेत उडवितो, गाड्या उलटतात, काचा फुटतात, आणि घरी येऊन जेवायला बसेपर्यंत आपण त्यातले सारे विसरून गेलेलो असतो. मग काही थोड्याच मारामाऱ्या वर्षानुवर्षे डोळ्यांपुढून का हलत नाहीत? मी एकदा वहीच्या शेवटच्या पानावर अशा लक्षात राहिलेल्या मारामाऱ्यांची यादी केली. ती सहांच्या पुढे गेली नाही, आणि त्या सहांतल्या चार एकाच माणसाच्या निघाल्या. तो माणूस ब्रूस ली. तो वारला १९७३ साली, म्हणजे माझ्या वडिलांच्याही जन्माच्या अगोदर.

कन्नडात मारामारीला होडेदाट म्हणतात. त्या शब्दाच्या शेवटी आट आहे, आणि आट म्हणजे खेळ. भाषाशास्त्रज्ञ याची व्युत्पत्ती काय सांगतील ते सांगोत, मला तो शब्द फार आवडतो; कारण पडद्यावरची मारामारी हा खेळच असतो. खऱ्या भांडणात दोन घटकांत निकाल लागतो आणि पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. पडद्यावर मात्र पाहणाऱ्याला कळले पाहिजे. कोण कोणाला का मारतो, कोणाचे पारडे जड आहे, ते केव्हा फिरले, हे सगळे एक शब्दही न बोलता कळले पाहिजे. आपल्या कुस्तीच्या मैदानात गवतावर बसलेल्या म्हाताऱ्याला जसे ते कळते तसे. ब्रूस लीला हे कळत होते, आणि ते त्याला कसे कळत गेले याची हकीकत म्हणजेच त्याचे चरित्र, असे मी समजतो.

त्याचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात, चिनी वस्तीतल्या रुग्णालयात झाला. वडील ली होई-च्यून हे हाँगकाँगच्या कॅन्टोनीज संगीत नाटकातले प्रसिद्ध नट. ते नाटकमंडळीबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. आपल्याकडच्या गंधर्व कंपनीच्या बिऱ्हाडात एखादे मूल दौऱ्यावरच जन्माला यावे तसा हा प्रकार. आई ग्रेस हो हिच्या घराण्यात युरोपीय रक्तही होते. चिनी पंचांगाप्रमाणे ते वर्ष ड्रॅगनचे होते. काही महिन्यांचा असतानाच त्याला एका चित्रपटात तान्हे बाळ म्हणून कॅमेऱ्यापुढे धरण्यात आले. पुढे आईवडील त्याला घेऊन हाँगकाँगला परतले, आणि १९४१ च्या डिसेंबरात जपान्यांनी ते शहर घेतले. लहानपणाची पहिली चार वर्षे अशी परक्यांच्या ताब्यातल्या गावात गेली. त्यानंतर पुन्हा इंग्रजांचे राज्य आले.

बालनट म्हणून त्याने वीसेक चित्रपटांत काम केले. १९५० च्या एका चित्रपटापासून त्याचे पडद्यावरचे नाव ली सिउ लुंग असे रूढ झाले. त्याचा अर्थ छोटा ड्रॅगन. हे बहुतेक सारे चित्रपट कौटुंबिक, रडके. त्यांत मारामारी जवळजवळ नाहीच. मारामारी होती ती रस्त्यावर आणि इमारतींच्या गच्च्यांवर. युद्धानंतर चीनमधून लाखो निर्वासित हाँगकाँगमध्ये आले होते, गर्दी अतोनात, आणि पोरांच्या टोळ्या बोळाबोळांत. ब्रूस त्यांत पुढे असे. ऐन किशोर वयात तो इप मॅन या वस्तादांच्या तालमीत जाऊ लागला. इप मॅन विंग चुन नावाचा पेच शिकवीत. हा प्रकार अगदी जवळून लढण्याचा आहे. हात हाताला चिकटलेले, कोपरे अंगाशी, आणि ठोसा छातीच्या मध्यरेषेवरून सरळ. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत.

याच सुमारास तो नाचही शिकला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्याच्या चरित्रातली ही गोष्ट बहुतेकजण गमतीची म्हणून सांगतात आणि पुढे जातात. १९५८ साली त्याने हाँगकाँगची चा-चा नृत्याची स्पर्धा जिंकली. चा-चाच्या १०८ पावलांची यादी तो कागदावर लिहून खिशात बाळगीत असे. त्याच वर्षी आंतरशालेय मुष्टियुद्धाची स्पर्धाही त्याने जिंकली. एकाच वर्षी नाच आणि ठोसे! आता त्याचे चित्रपट पाहताना आवाज बंद करून फक्त त्याच्या पायांकडे पाहावे. दोन ठोशांच्या मध्ये तो थांबतो, पुन्हा एक पाऊल, पुन्हा थांबतो, मग एकदम तीन. तबल्यावर मोकळ्या मात्रेला जी किंमत असते ती त्या थांबण्याला आहे. आजच्या पुष्कळ चित्रपटांत ही मोकळी मात्राच नसते. मारणारा मारीतच असतो, आणि दुसऱ्या मिनिटाला आपले लक्ष उडते.

रस्त्यावरच्या भांडणांमुळे पोलिसांपर्यंत प्रकरणे जाऊ लागली तेव्हा घरच्यांनी १९५९ साली त्याला बोटीत बसवून अमेरिकेला पाठविले. खिशात शंभर डॉलर होते. जन्म तिकडचा असल्यामुळे नागरिकत्वाचा प्रश्न नव्हता. सिअॅटल शहरात एका चिनी उपाहारगृहात वेटरचे काम, तिथेच राहणे, तांत्रिक शाळेतून शालान्त शिक्षण पुरे करणे आणि मग १९६१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश, अशी त्याची वाटचाल झाली. नाट्य आणि तत्त्वज्ञान हे त्याच्या आवडीचे विषय. पदवी मात्र घेतली नाही. तिथेच त्याने शिकवणी सुरू केली, आणि जो येईल त्याला शिकविले. गोरा, काळा, जपानी, कोणीही असो. शिष्यांपैकीच लिंडा एमरी या मुलीशी १९६४ साली त्याचे लग्न झाले. १९६५ मध्ये मुलगा ब्रँडन आणि १९६९ मध्ये मुलगी शॅनन झाली.

लग्नाच्या वर्षाच्या अखेरीस ओकलंडच्या त्याच्या तालमीत एक खरी लढत झाली. प्रतिस्पर्धी वोंग जॅक मॅन हा सॅन फ्रान्सिस्कोतला दुसरा एक चिनी वस्ताद. कोण जिंकले याविषयी दोन्ही बाजूंची माणसे शेवटपर्यंत वेगवेगळे सांगत राहिली. त्या वादात शिरण्याचे मला कारण नाही. महत्त्वाचे हे, की त्या लढतीनंतर ब्रूस स्वतःवर नाराज झाला. दम पुरला नाही, शिकलेले पेच धावत्या माणसापुढे अपुरे पडले, असे त्याला दिसले. जिंकल्याचा दावा करणाऱ्या माणसाने घरी येऊन आपल्या विद्येचा हिशेब नव्याने मांडावा, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्याने मुष्टियुद्धाची पुस्तके जमविली, तलवारबाजीच्या पदन्यासाचा अभ्यास केला, महंमद अलीच्या लढतींच्या फिती पुन्हा पुन्हा पाहिल्या. पळणे, वजने उचलणे, सगळे वाढविले. आपल्या वाचकांना अभिमान वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे गामा पैलवानाच्या व्यायामाविषयीचे लेखही त्याच्या संग्रहात होते, आणि आपल्या जोर-बैठकांचे प्रकार त्याने स्वतःच्या व्यायामात घेतले. आमच्या भागातला पैलवान पहाटे तालमीत जो घाम गाळतो त्याचाच काही अंश कॅलिफोर्नियात गळत होता. १९६७ साली त्याने आपल्या पद्धतीला जीत कुन डो असे नाव दिले. त्याचा अर्थ साधारणपणे वार अडविणाऱ्या मुठीचा मार्ग, असा होतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. शिष्यांना तो शिकवीत असे ते खालच्या लाथा, नडगीवर आणि गुडघ्यावर. सरळ, आखूड, लवकर संपणारे वार. पडद्यावर मात्र तो डोक्याच्या उंचीच्या लाथा मारतो, गिरक्या घेतो. हा ढोंगीपणा नव्हे. खऱ्या लढतीत काय चालते आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला काय दिसते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्याला पक्के ठाऊक होते. दोन्ही खाती त्याने वेगळी ठेवली. आमच्या भाषेत सांगायचे तर एका खात्याची रक्कम दुसऱ्यात कधी मिसळली नाही.

१९६४ च्या लाँग बीच येथील कराटे स्पर्धेत त्याने जी प्रात्यक्षिके केली त्यांवरून त्याला दूरचित्रवाणीत काम मिळाले. ‘द ग्रीन हॉर्नेट’ ही मालिका १९६६-६७ मध्ये झाली. तिच्यात तो काटो नावाचा नोकर-चालक होता. मालक मुखवटा घालून गुन्हेगारांमागे लागतो, हा त्याची मोटार हाकतो आणि खरी मारामारी करतो. मालिकेत मानधन कमी, संवाद त्याहून कमी. आणि एक अडचण अशी आली की त्याचे हात कॅमेऱ्याला सापडेनात! इतके जलद वार पडद्यावर नुसते धुरकट दिसत; त्याला वेग कमी करावा लागला. मालिका एका वर्षात बंद पडली. पुढची तीन-चार वर्षे हॉलीवूडच्या नटांना शिकविणे, दुसऱ्यांच्या चित्रपटांतल्या मारामाऱ्या बसविणे, लहानसहान भूमिका करणे, यांत गेली. १९७० साली वजन उचलताना त्याच्या कमरेला मोठी दुखापत झाली. कित्येक महिने तो अंथरुणाला खिळून होता. त्या काळात त्याने वह्याच्या वह्या लिहून काढल्या. त्यांतले निवडक लेखन १९७५ साली, त्याच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने आले.

१९७१ च्या आरंभी तो भारतात येऊन गेला हे फार थोड्यांना माहीत असते. ‘द सायलेंट फ्लूट’ नावाचा चित्रपट काढायचा म्हणून पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंट आणि नट जेम्स कोबर्न यांच्याबरोबर चित्रीकरणाच्या जागा पाहण्यासाठी तो मुंबई, राजस्थान, मद्रास, गोवा असा फिरला. चित्रपट त्याच्या हयातीत निघाला नाही. आमच्या गावापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर ब्रूस ली येऊन गेला होता आणि त्या वेळी त्याला कोणी ओळखत नव्हते, हे मनात आले की मजा वाटते. तो भारतातून परतला तोही रिकाम्या हातानेच. चिनी चेहऱ्याचा माणूस अमेरिकेत मुख्य नायक म्हणून चालेल असे कोणत्याही निर्मात्याला वाटत नव्हते. १९७२ मध्ये ‘कुंग फू’ ही मालिका सुरू झाली तेव्हा तिच्यातल्या अर्ध्या चिनी नायकाची भूमिका डेव्हिड कॅरॅडाइन या गोऱ्या नटाने केली.

हाँगकाँगमध्ये मात्र ‘ग्रीन हॉर्नेट’ला लोक काटोची मालिका म्हणूनच ओळखीत होते. गोल्डन हार्वेस्ट ही नवी कंपनी रेमंड चाऊ यांनी १९७० मध्ये काढली होती. तिने दोन चित्रपटांसाठी पंधरा हजार डॉलर देऊ केले आणि त्याने ते घेतले.

त्या काळची हाँगकाँगची मारामारी कशी होती हे सांगितल्याशिवाय त्याने काय केले ते कळणार नाही. तिचे मूळ नाटकात होते. रंगभूमीवर लहानपणापासून तयार झालेले नट आणि कसरतपटू तालावर लढत. मी मारले, तू अडविलेस, तू मारलेस, मी अडविले, असे वीस-तीस वार न चुकता होत. पाहायला ते सुंदर दिसे, पण कोणाला लागते आहे असे वाटत नसे. नाटकवाल्याच्या मुलाने ही आवर्तनेच मोडली. त्याच्या मारामारीत पुष्कळदा एका माणसाला एकच वार असतो. वाराच्या आधी बराच वेळ तो नुसता पाहत उभा असतो, आणि वार झाल्यावरही क्षणभर तसाच उभा राहतो. समोरचा पडतो आणि बाकीचे मागे सरकतात. भीती त्या मागे सरकण्यातून येते.

पहिला चित्रपट ‘द बिग बॉस’ १९७१ मध्ये थायलंडच्या एका खेड्यात चित्रित झाला. गोष्ट अगदी साधी. बर्फाच्या कारखान्यात काम करायला आलेला एक गरीब चिनी तरुण. बर्फाच्या लाद्यांत मादक द्रव्ये लपविलेली. आईला दिलेल्या वचनामुळे हा मारामारी करीत नाही. गळ्यात तिची खूण आहे. आजूबाजूला भाऊबंद मार खात आहेत, हा मुठी आवळून पाहतो आहे, आणि असा चित्रपटाचा बराच मोठा भाग निघून जातो. मग झटापटीत गळ्यातली खूण तुटते. त्यानंतरच्या पहिल्या लाथेला चित्रपटगृहात जो जल्लोष होत असेल तो लाथेचा नव्हे, तिच्या आधीच्या पाऊण तासाचा आहे. माझ्या मते चांगल्या मारामारीची पहिली अट हीच आहे, की ती लवकर येता कामा नये. पैलवान शड्डू ठोकून हौद्यात उतरतो आणि दोघे हातात हात घालून मिनिटभर नुसते जोखत राहतात. तेव्हाच मैदान शांत होते. या चित्रपटाने हाँगकाँगमधले उत्पन्नाचे सारे विक्रम मोडले.

दुसरा ‘फिस्ट ऑफ फ्युरी’, मार्च १९७२. काळ विसाव्या शतकाच्या आरंभीचा, शांघाय शहर, परक्यांच्या वसाहती. गुरूचा मृत्यू झाला आहे आणि सुतकाच्या वेळी जपानी तालमीची माणसे येऊन चिन्यांना आशियाचे रोगी म्हणणारी चौकट भेट देऊन जातात. चेन झेन ती चौकट काखेत मारून एकटा त्या तालमीत जातो. पुढची पाच मिनिटे मी किती वेळा पाहिली असतील याचा हिशेब नाही. सगळी तालीम त्याच्याभोवती कडे करून उभी राहते आणि कॅमेरा वर छताशी जातो, त्यामुळे मध्ये एक काळा ठिपका आणि भोवती पांढऱ्या कपड्यांचे वर्तुळ दिसते. तो हललेला दिसतो तोच वर्तुळ फाटलेले असते. कोण कोठे आहे हे कधीच हरवत नाही. कॅमेरा लांब ठेवला आहे, माणूस नखशिखान्त दिसतो, आणि वार चुकवून दाखविण्याची सोय त्यात नाही. आता कॅमेरा इतका जवळ नेतात आणि तुकडे इतके बारीक कापतात की कोणाचा हात आणि कोणाचे नाक हेच समजत नाही. ज्याला लाथ मारता येत नाही त्याच्यासाठी हा उपाय ठीक आहे, पण त्याला मारामारी म्हणू नये.

याच चित्रपटात एक बाग आहे. दारावर पाटी आहे की कुत्रे आणि चिनी लोक यांना प्रवेश नाही. इतिहासात तशी एकच पाटी नव्हती. शांघायच्या त्या बागेच्या नियमांत बाग परदेशी लोकांसाठी राखीव आहे हे एक कलम आणि कुत्र्यांना मज्जाव हे वेगळे कलम होते. अपमान मात्र खराच होता. चेन झेन ती पाटी लाथेने उडवून तिच्या ठिकऱ्या करतो. पण त्या आधी त्याला दारावर अडविणारा पहारेकरी कोण आहे? डोक्यावर पगडी असलेला शीख, म्हणजे आपलाच माणूस. इंग्रजांनी शांघायमध्ये शीख पोलीस नेमले होते हे खरे आहे. सारे चित्रपटगृह टाळ्या वाजवीत असते तेव्हा भारतीय प्रेक्षकाने त्या पगडीकडे पाहावे. आपण त्या दारावर कोणाच्या बाजूला उभे होतो, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मला हा प्रसंग जवळचा वाटतो त्याला आणखी एक कारण आहे. आमच्या घरी मराठी, शेजारी कन्नड, दुकानात दोन्ही. पुण्याच्या नातेवाइकांना माझ्या मराठीला कानडी हेल वाटतो आणि बंगळूरला गेले की माझ्या कन्नडावरून मी कुठला ते विचारतात. यात मोठे दुःख काही नाही, सवय झाली आहे. पण ब्रूस लीला अमेरिकेत चिनी म्हणून नायक होता आले नाही आणि हाँगकाँगमध्ये तो अमेरिकेहून आलेला म्हणून ओळखला गेला, हे वाचले तेव्हा त्याच्या त्या लाथेचे वजन मला थोडे अधिक समजले. पडद्यावरच्या रागाला काहीतरी खरे तारण लागते. चित्रपटाच्या शेवटी चेन झेन बंदुकांच्या रांगेवर झेप घेतो आणि चित्र हवेतच थांबते. गोळ्यांचा फक्त आवाज येतो.

तिसरा चित्रपट ‘द वे ऑफ द ड्रॅगन’ डिसेंबर १९७२ मध्ये आला. लेखन, दिग्दर्शन, मारामारीची आखणी आणि मुख्य भूमिका, सारे त्याचेच. रोममध्ये हॉटेल चालविणाऱ्या आपल्या माणसांना गुंड त्रास देतात म्हणून हाँगकाँगचा एक खेडवळ तरुण मदतीला जातो. चित्रपट मध्यंतरापर्यंत विनोदी आहे, आणि खरे सांगायचे तर तो विनोद काही ठिकाणी फार बाळबोध आहे. परंतु शेवटी कोलोसियमच्या भग्न कमानींत जी लढत होते तिच्यासारखी दुसरी मी पाहिलेली नाही. समोर आहे चक नॉरिस, अमेरिकेचा खरा कराटे विजेता. अंगाने थोराड, छातीवर केस. थोडे चित्रीकरण प्रत्यक्ष रोममध्ये झाले आणि बरेचसे हाँगकाँगच्या स्टुडिओत, पण सांधा दिसत नाही.

लढत सुरू होण्यापूर्वी दोघे व्यायाम करतात. एकमेकांकडे पाहत, घाई न करता, बोटे मोडीत, कंबर वळवीत. शत्रूला पाठीमागून मारण्याची संधी दोघांनाही आहे आणि दोघेही ती घेत नाहीत. येथेच आपल्याला कळते की हे दोन गुंड नाहीत, दोन वस्ताद आहेत. एक मांजराचे पिल्लू कोपऱ्यातून पाहते. तेवढाच प्रेक्षक. मग लढत होते आणि सुरुवातीला ब्रूस ली मार खातो. सरळ सरळ खातो, दोन-तीनदा जमिनीवर येतो. तो पडतो तेव्हा आपण पहिल्यांदा सावरून बसतो, कारण नायक हरू शकतो ही शक्यता आता खरी झालेली असते. बहुतेक चित्रपटांत ही शक्यताच नसते, म्हणून त्यांतली मारामारी कितीही मोठी असली तरी पोकळ वाटते.

यानंतर जे होते ते म्हणजे त्याने ओकलंडला जो हिशेब मांडला त्याचेच चित्र आहे. तो आपली पद्धत बदलतो. घट्ट पवित्रा सोडून पायांवर नाचू लागतो, आत जातो, बाहेर येतो, हुलकावणी देतो. ते चा-चाचे पाय आणि अलीचे पाय आहेत. नॉरिसचे ठोसे हवेत जाऊ लागतात. तोही क्षणभर तसे नाचून पाहतो, पण त्याला ते साधत नाही आणि तो पुन्हा आपल्या जुन्या पवित्र्यात येतो. म्हणजे ही लढत ताकदीने फिरत नाही. एकाला नवे शिकता आले आणि दुसऱ्याला आले नाही, एवढ्याच गोष्टीवर ती फिरते, आणि हे सांगायला चित्रपटात एकही वाक्य खर्च झालेले नाही. एक हात गेला, गुडघा गेला, तरी नॉरिस उभा राहतो. ब्रूस मान हलवून त्याला थांबायला सुचवितो. तो थांबत नाही. मारावेच लागते. मग विजयाचा आनंद नाही. त्याचा अंगरखा आणि काळा पट्टा आणून ब्रूस त्याच्या अंगावर घालतो आणि गुडघे टेकून बसतो. गामाच्या देशातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. चितपट केलेल्या पैलवानाला हात देऊन उठविणारे आपण पाहिले आहेत. येथे उठविण्यासारखे काही उरलेले नसते इतकाच फरक.

‘एन्टर द ड्रॅगन’ १९७३ च्या पहिल्या महिन्यांत हाँगकाँगमध्ये चित्रित झाला. हॉलीवूडच्या वॉर्नर ब्रदर्सने गोल्डन हार्वेस्टबरोबर काढलेला हा चित्रपट, खर्च सुमारे साडेआठ लाख डॉलर, म्हणजे हॉलीवूडच्या मानाने किरकोळ. आरशांच्या दालनातली शेवटची लढत सर्वांना ठाऊक आहे, मी तिच्याविषयी लिहीत नाही. मला त्यातला दुसरा एक क्षण महत्त्वाचा वाटतो. ज्याच्यामुळे बहिणीने जीव दिला त्या ओहाराला तो पायाखाली चिरडतो. त्या वेळी कॅमेरा पायाकडे जात नाही, संथ गतीने त्याच्या चेहऱ्यावर थांबतो. चेहऱ्यावर राग असतो आणि तो रागातून रडण्याकडे सरकतो. सूड घेऊन बहीण परत येत नाही हे त्या चेहऱ्याला कळलेले आहे. जगात लाथ मारणारे त्याच्याहून सरस असतील, हा चेहरा मात्र दुसऱ्या कोणाकडे नव्हता. रडक्या कौटुंबिक चित्रपटांत घालविलेले बालपण वाया गेले नाही म्हणायचे.

१० मे १९७३ रोजी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तो कोसळला. मेंदूला सूज आल्याचे निदान झाले, आणि तो वाचला. २० जुलै रोजी हाँगकाँगमध्ये नटी बेटी टिंग पेई हिच्या घरी त्याचे डोके दुखू लागले, तिने दिलेली वेदनाशामक गोळी घेऊन तो झोपला आणि उठला नाही. वय ३२. चौकशीत गोळीची विपरीत प्रतिक्रिया आणि अपघाती मृत्यू असा निष्कर्ष निघाला. लोकांनी विषप्रयोगापासून शापापर्यंत वाटेल ते रचले. २०२२ मध्ये काही मूत्रपिंडतज्ज्ञांनी शरीरात पाणी साचून क्षार कमी झाल्याची शक्यता मांडली. जाऊ द्या. चित्रपट प्रदर्शित झाला तो ऑगस्टमध्ये. ज्या अमेरिकेने त्याला नायक केले नव्हते तिथे तो नायक झाला, तेव्हा त्याला सिअॅटलच्या दफनभूमीत पुरून काही आठवडे झाले होते. मुलगा ब्रँडनही नट झाला आणि १९९३ साली चित्रीकरणातच बंदुकीच्या अपघाताने गेला.

त्याच्या मृत्यूनंतर जे झाले त्याचा मला राग येतो. त्याच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेतलेले नट उभे करून ढिगांनी चित्रपट काढण्यात आले. त्याचा स्वतःचा ‘गेम ऑफ डेथ’ अपुरा होता, तो १९७८ मध्ये बदली माणसे वापरून पुरा केला. एके ठिकाणी आरशावर त्याच्या चेहऱ्याचे पुठ्ठ्याचे चित्र चिकटविले आहे, आणि त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेची चित्रेही त्यात घातली आहेत. धंदा आम्हीही शिकतो, पण धंद्याला काही लाज असावी.

त्या चित्रपटासाठी १९७२ च्या उत्तरार्धात त्याने स्वतः चित्रित केलेला भाग मात्र उरला आहे, आणि तो पूर्ण स्वरूपात पाहायला मिळायला पुढे २००० साल उजाडले. एका मनोऱ्याच्या प्रत्येक मजल्यावर एक लढवय्या. शेवटच्या मजल्यावर करीम अब्दुल-जब्बार आहे. हा बास्केटबॉलचा विख्यात खेळाडू त्याचा शिष्य होता, उंची सात फूट दोन इंच. ब्रूस पाच फूट सात-आठ इंचांचा. शिष्य गुरूच्या छातीवर लाथ मारतो आणि ब्रूसच्या पिवळ्या पोशाखावर भल्या मोठ्या पावलाचा ठसा उमटतो. ताकदीने हा माणूस हरणार नाही हे ब्रूसला कळते. मग लढता लढता त्याच्या लक्षात येते की या राक्षसाला उजेड सहन होत नाही. आणि तो प्रतिस्पर्ध्याला सोडून खिडक्यांचे कागद फाडू लागतो.